पांढरीतली लढाई

अमरावती
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय चंदे,

काल सुखरूप पोचले. तुझ्या सासूबाईंनी बांधून दिलेली भाकर आणि ठेचा बडनेरा यायच्या आत संपवला, त्यांना सांग. फोन करणार होते, पण तुमच्याकडे फोन आधी श्याम उचलतो आणि "हो मॅडम, बरं मॅडम" यापलीकडे तुझ्या नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. शिवाय हॉस्टेलमध्ये आपलं ठरलंच होतं ना, साधी गोष्ट फोनवर आणि मोठी गोष्ट पत्रात. ही मोठी आहे. आधी नीट बस.

तुमच्या पांढरीवर मला लढाई सापडली आहे!

थट्टा नाही करत. तुम्ही लोक धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, टाकायला ज्या टेकाडाची पांढरी माती नेता, ती तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या पडलेल्या भिंतींची माती आहे, हे मी उत्खननाला आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या काळी माणूस गेला की घरातच, जमिनीखाली नीट पुरायचे. लेकरू असलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात. आणि तुमच्या बांधावरच्या त्या खड्ड्यात काय, तर सगळे एकत्र! बाया, म्हातारे, दोन लहान मुलं. सोबत मडकं नाही, मणी नाही. कवट्या फुटलेल्या. एकाच्या मणक्यात हाडाच्या बाणाचं टोक रुतलेलं. याला आम्ही सामूहिक कत्तल म्हणतो. जगात अशा जागा फार थोड्या आहेत. माणूस रागाच्या भरात एखाद्याला मारायचा, तो गट करून दुसऱ्या गटाला मारायला कधी लागला, हे असल्या खड्ड्यांतूनच कळतं.

खड्डा अगदी स्वच्छ नव्हता म्हणा. माती सैल, आत लाल धागे, एक बिडीचं थोटूक. उंदरांनी बिळातून ओढून नेलं असणार. ह्या उंदरांनी माझं आयुष्य नासवलंय. तरी सवयीने सगळं पुड्यांत घालून ठेवलं आहे.

एक राग मात्र आहे तुझ्यावर. रोज चहा पाठवलास, पण खड्डा लागल्यापासून तिकडे फिरकली नाहीस. सासूबाईही नाहीत. भ्यालीस की काय? हॉस्टेलात पाल हातात धरून माझ्या मागे धावणारी तू!

उद्या पेपरवाला येतोय. एप्रिलमध्ये पुण्याला परिषद आहे, तिथे मी हे मांडणार. बारा वर्षं खापऱ्या धुतल्या मी, चंदे. आता कुठे नशीब उघडलं.

तुझी,
अवनी


कोठखेड बुद्रुक, ता. तेल्हारा
२१ फेब्रुवारी

अवने,

पेपर आला. 'कोठखेडात तीन हजार वर्षांपूर्वीचं युद्ध' अशी मोठी बातमी. तुहा फोटो चांगला आला, पन केस तं विंचरून बसाचं होतं बाई.

नत्थुजी मामायले ओळखतं ना तू? पारावर बसून साऱ्या गावाचे न्याय करतात ते. त्यायनं तो पेपर प्लास्टिकमंधी मढवून पारावर टांगला. त्यात लिवलं हाये का हल्ला करनारे नाल्यापलीकडून आले असतीन. हे तू म्हटलं का त्यानं आपल्या मनानं घुसाडलं? काहून का नाल्यापलीकडं कोन राह्यते हे तुले मालूम हाये. खुर्द हाये तठी. आमी बुद्रुक, ते खुर्द. एकच गाव होतं, पुरात नाला रुंद झाला अन् दोन झाले.

आता मामा म्हनतात का मेलेले आपले अन् मारनारे त्यायचे. पांढरीवर पोट्ट्यायनं फलक लावला, 'शूरवीरांची पांढरी'. खुर्दाच्या पोट्ट्यायनं मोबाइलवर टाकलं का तवाबी मारलं, आताबी मारू. मी फोनवर काही बोलत नाई तुह्यासंगं, ते याच्याच्यानं. मोबाइलवर शब्द टाकला का गावभर जाते.

माही ननंद पार्बती खुर्दात देली हाये, सहदेव भाऊजीच्या घरी. परवा माहेरी आली तं आमच्या बोरिंगवर एका बाईनं तिले पुसलं, "तू कोनाकडची वो आता?" हसून पुसलं, पन पार्बती चहा न पेता परत गेली. आतापावतर असं कधी झालं नाई.

तुले पक्कं मालूम हाये ना अवने? मले तुह्याइतकं समजत नाई. पन पेपरातलं मांगं घेता येत असन तं पाह्य.

तुही चंदा


अमरावती
२७ फेब्रुवारी

चंदे, वेडाबाई,

पेपरातलं मागे घ्यायला ती काय दुकानातली साडी आहे? नाल्यापलीकडून हे मीच म्हटलं. म्हणजे असं म्हटलं की हल्लेखोर बाहेरचे असतील, नाल्यापलीकडचेही असतील. तीन हजार वर्षांपूर्वी खुर्द नव्हतं आणि बुद्रुकही नव्हतं. नत्थुजींना सांग, त्या माणसांशी तुमचं काहीएक नातं नाही, आणि असलंच तर दोन्हीकडच्यांचं सारखं आहे. चार दिवस मिरवतील आणि विसरतील. शेवटी फलक लावला कुणी, तर ज्यांनी आजवर त्या टेकाडावर फक्त शेळ्या चारल्या त्यांनी. मला तर उलट बरं वाटलं.

बाबा तर इतके खूश आहेत की कोर्टात प्रत्येक अशिलाला कात्रण दाखवतात. "आमची अवनी, युद्धाचा उगम शोधला तिनं." वकिलाचा स्वभाव, मुळात नसलेलंही चार शब्द वाढवून सांगतात.

पार्बतीला माझ्याकडून चहा पाज.

अवनी


कोठखेड बु.
५ मार्च

अवनी,

तू हसली. मी रात्रंदिवस जळून राहिली अन् तू हसली. तुही चूक नाई, मीच सांगतलं नाई. आता सांगतो.

ते हाडं आमीच ठेवले तठी.

मांगच्या वैशाखात आमचं धाबं गळाले लागलं म्हनून पांढरीची माती आनाची होती. दरसाली सारेच आनतात. टिकाव मारला अन् एक डोक्सं फुटलं. आमाले वाटलं मडकं हाये. मंग बाजूले दुसरं निघालं. मंग खरंच मडके निघाले, तोंडाले तोंड लावलेले. खोटं काहून बोलू, आमाले वाटलं आत धन हाये. फोडले. आत लेकरू होतं. बोटं तं तुरीच्या दान्याइतके.

माह्या सासूबाईनं तठीच डोक्शावर पदर घेतला. त्या म्हने, हे आपल्या आधीचे मानसं हाये, यायले उघडं टाकू नका, सारे एका जागी झोपवा, एकटं कोनालेच ठेवू नका. पांढरीवर जथी जथी आमी अन् गाववाल्यायनं खनलं होतं, तथून साऱ्यायचे हाडं येचले. कोनाचा हात कोनता, कोनाचं डोक्सं कोनतं, काही समजे ना. सासूबाईनं आपलं लाल लुगडं देलं. त्यात आनून आमच्या बांधावर एका खड्ड्यात ठेवले, हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला, वरतं दगड ठेवला अन् त्याले शेंदूर लावला. तू तो दगड "कोणता देव आहे हा?" म्हनून पुसला होता. सासूबाई गप राह्यल्या. मीबी गप राह्यली. लाज वाटे. लेकराचं मडकं धनापायी फोडलं, हे तुले कोन्या तोंडानं सांगू?

तुहे लाल धागे उंदरानं नाई नेले.

आता तू सांगून टाक पेपरात. माहं नाव घेतलं तरी चालते. पन धुळवडीच्या आधी सांग. धुळवडीले दोन्ही गावचे पोट्टे नाल्यात उतरतात अन् यंदा मले भेव वाटते.

चंदा


अमरावती
१० मार्च

प्रिय चंदा,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. तुझ्यावर मी अजिबात रागावलेली नाही. तुझ्या सासूबाईंनी जे केलं ते फार मोठ्या मनाचं केलं.

पण घाई नको. तुम्ही हाडं एकत्र केली, कबूल. म्हणून सगळंच खोटं होत नाही. बाणाचं टोक तर तुम्ही रुतवलं नाही ना? काही कवट्या टिकावाने फुटल्या असतील, काही आधीच्याही असतील. हे मला नीट तपासायचं आहे. पुण्याची परिषद झाली की मी स्वतः सगळं दुरुस्त करीन, व्यवस्थित लेख लिहून. आत्ता पेपरात गेले तर लोक म्हणतील, या बाईला घरातलं दफन आणि कत्तल यातला फरक कळत नाही. माझं सगळं बुडेल. तेवढा महिना मला दे. तोवर कुणाला बोलू नकोस, श्यामलाही सांगून ठेव.

धुळवडीचं म्हणशील तर पोरं आहेत, रंग खेळतील, ओरडतील, घरी जातील.

तुझी,
अवनी


कोठखेड बु.
२२ मार्च

अवनी,

तू महिना मांगतला होता.

धुळवडीच्या दिवशी पोट्टे रंग घेऊन नाल्यात उतरले. खुर्दाचे म्हने, तुमचे बापजादे गोट्यासारखे फोडले होते आमी. इकडून मामायचा पोरगा गोटे माराले लागला. मंग मोठे मानसं सोडवाले धावले अन् सोडवता सोडवता तेबी भिडले. आमचे हेबी गेले. आमच्या यायनं आजपावतर बैलावरबी हात उचलला नाई, तुले मालूम हाये.

यायच्या हातात टिकावाचा दांडा होता. तो सहदेव भाऊजीच्या डोक्शात बसला.

जवाई हाये तो या घरचा! दर दिवाईले त्याचे पाय धुतो आमी. त्याचं रक्त नाल्यातून वाह्यलं अन् आमच्याच सासूबाई काठावर उभ्या राहून पाह्यत होत्या. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डोक्शाचं हाड चिरलं म्हनतात. वाचला, पन डावा हात उचलत नाई अजून. ठान्यात केस झाली, यायले दोन दिवस ठेवलं, मंग जामीन झाला. घरी आल्यापासून हे धाब्यावर जाऊन बसते, जेवाले बोलावलं तरी उतरत नाई. पार्बती दवाखान्यात माह्या समोरून गेली. मान वर करून पाह्यलं नाई.

मामा खूश हाये. म्हनतात, तीन हजार वर्षांचा हिसाब झाला.

मी तुले दोष देत नाई. मीच तुह्या म्हनन्यावर गप बसली. तुले तुह्या नावाची लाज होती, मले माह्या घराची.

चंदा


अमरावती
२८ मार्च

चंदा,

काय लिहू? तीन कागद फाडले. क्षमा मागायलाही लाज वाटते, कारण क्षमा मागितली की तुलाच मला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं लागेल. तसं काही लिहू नकोस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. हाड फार जुन्या काळी तुटलेलं असलं तर तुटलेली कड मातीच्याच रंगाची होते. अलीकडे तुटलं तर कड पांढरी दिसते, ताज्या खडूसारखी. पहिल्या वर्षाची पोरंही हे ओळखतात. तुमच्या खड्ड्यातल्या जवळजवळ सगळ्या कडा पांढऱ्या होत्या. मी पाहिल्या होत्या. पाहिल्या, आणि मनाशी म्हटलं, माती काढताना आपल्याच माणसांनी तोडल्या असतील. सैल मातीला उंदीर दिले, धाग्यांना उंदीर दिले. मला लढाई हवी होती, चंदे. तुझ्या पत्राच्या आधीपासून मला आतून माहीत होतं, आणि तुझ्या पत्रानंतर तर कारणच उरलं नव्हतं. तरी मी तुला गप्प बसवलं. सहदेवरावांच्या डोक्यात दांडा श्यामचा बसला, पण पुढे ढकलणाऱ्यांत मी होते.

पुण्याचा निबंध मागे घेतला. कारण लेखी कळवलं, गोलमाल न करता. कॉलेजात सगळ्यांना समजलंय. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. बाबांनी कात्रण खिशातून काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. पेपरवाल्यालाही लिहिलं आहे, तो म्हणतो, कोपऱ्यात छापू.

खरी जखम एकच आहे, ती मणक्यातली. बाणाच्या टोकाभोवती हाड वाढलं आहे, म्हणजे तो माणूस बाण लागल्यावर वर्षानुवर्षं जगला. भांडणातला बाण असेल, शिकारीत चुकलेला असेल. मला माहीत नाही. हे तीन शब्द मी पहिल्याच दिवशी पेपरवाल्याला सांगायला हवे होते.

हनुमान जयंतीला दोन्ही गावांचं जेवण पारावर असतं, असं तू म्हणायचीस. मी येते. सगळ्यांसमोर सांगते की लढाई नव्हती. तुमचं नाव घेणार नाही. एवढंच म्हणेन की कुणीतरी चांगल्या मनाने हाडं एकत्र ठेवली होती.

अवनी


कोठखेड बु.
२१ एप्रिल

अवने,

तू आली, बोलली अन् न जेवता गेली. बसस्टॉपपावतर तुह्यासंगं याची हिंमत झाली नाई मले, म्हनून लिवून राहिली.

यंदा पयल्यांदा दोन पंगती बसल्या, तू पाह्यलं. इकडं आमी, तिकडं खुर्दाचे, मधात दोरी. तू उभी राहून म्हटलं का माही चूक झाली, लढाई झालीच नाई, तवा मले वाटलं आता सारे हात धुऊन एका जागी बसतीन. कुठचं काय! मामा म्हने, "मॅडमले पलीकडल्यायनं फोडलं." तिकडून एक जन वरडला, "केस दाबाले बुद्रुकवाल्यायनं आनली इले." दोन्ही पंगतीले ते युद्ध पाहिजे होतं बाई. तू त्यायचं हिसकून घ्याले आली होती.

मंग मामायनं पुसलं, "हाडं एका जागी कोनं ठेवले? नाव सांगा." तू गप राह्यली. तू माह्याकडं पाह्यलंबी नाई, जानून पाह्यलं नाई, हे मले समजलं. माह्या हातात वरनाची बादली होती. मी खाली पाहून वाढत राह्यली. हे पंगतीत बसून होते, तेबी उठले नाई. सासूबाई देवळाच्या पायरीवर होत्या, त्यायनं पदर तोंडाले लावला. तू एकटीच उभी होती उन्हात अन् लोक हसून राहिले होते. मले आता रोज तेच दिसते.

पन खरी लाज अजून सांगतलीच नाई मी तुले. पाच मार्चच्या पत्रातबी लपवली.

ते बिडीचं थोटूक, तू पुडीत ठेवलं ते. आमच्या घरी कोनीच बिडी पेत नाई. सहदेव भाऊजी पेतात.

त्या वैशाखात टिकाव माराले हे एकटे नव्हते. भाऊजी होते संगं. जवाई मानूस, त्याले काम सांगाची रीत नाई, पन सासरचं धाबं गळते म्हनून आपल्या मनानं आला होता. लेकराचं मडकं फुटलं तवा पयले तोच रडला. लुगड्याचं एक टोक यायनं धरलं, दुसरं त्यानं. खड्डा त्यानंच बुजवला, मंग काठावर बसून बिडी पेली अन् म्हने, "श्यामभाऊ, हे कोनाले सांगू नका, लोकं हसतीन."

म्हंजे धुळवडीच्या दिवशी नाल्यात जे दोघं समोरासमोर आले, त्या दोघायलेच मालूम होतं का कोनी कोनाले मारलं नाई. नाल्यात उतरलेल्या साऱ्या मानसात त्या दोघायलेच! मी यायले पुसलं, मंग काहून? आता कुठं तोंड उघडलं यायनं. म्हने, "मांगून सारे वरडून राहिले होते. मले वाटलं सहदेव बोलन. तो काही बोलला नाई. मंग मले त्याचाच राग आला."

काल मी खुर्दात गेली. एकटी, दिवसाढवळ्या, साऱ्यायच्या समोरून नाला उतरून. पार्बतीनं दार उघडलं, पन आत ये म्हटलं नाई. भाऊजी बाजेवर होते. मी दारातूनच पुसलं. त्यायनं उजव्या हातानं डोये झाकले. म्हने, "मले वाटलं श्याम बोलन."

पार्बतीले यातलं काहीच मालूम नव्हतं. ती त्यायच्याकडं पाह्यत राह्यली, मंग माह्याकडं. मंग तिनं मले पानी आनून देलं, दारातच.

तू पयल्या दिवशी म्हटलं होतं का मानसं गट करून मारामारी कराले कसे लागले हे तुमी हाडावरून शोधता. आमचं तं हाडावर कुठंच दिसनार नाई, अवने. दोन चांगल्या मानसायले आपल्याच मानसायसमोर बोलाची लाज वाटली, बस.

येत्या शुक्रवारी ग्रामसभा हाये, खुर्दाचेबी येनार हायेत. मी उभी राहून सारं सांगनार हावो. मडकं धनापायी फोडलं तेबी. यायले तसं सांगतलं. हे हो म्हटले नाई, पन काल धाब्यावरून उतरून जेवले. भाऊजीचं मले सांगता येत नाई. पार्बती म्हने, मी त्यायले घेऊन येतो, बोलतीन का नाई ते त्यायचं ते जानो.

तू ये. हसतीन लोकं तुह्यावर, माह्यावर तं थुकतीनबी. तरी ये, बाजूबाजूनं उभ्या राहू. हाडं सरकारी कायद्यानं परत देता येत असतीन तं इचारून ठेवजो. यावेळी साऱ्यायच्या समोर ठेवू, सासूबाईनं दुसरं लुगडं काढून ठेवलं हाये.

अन् ते थोटूक फेकू नको. येतानी संगं आनजो.

तुही,
चंदा